चौकटीतला शेंदूर

माझ्या दारांना आजवर कधी वाळवी लागली नाही. मिरजेत स्टेशनच्या मागच्या अंगाला जेवढी जुनी भाड्याची घरं आहेत, त्यांच्या चौकटी अंगठ्यानं दाबल्या तरी बिस्किटासारख्या मोडतात. माझ्या सगळ्या खोल्यांच्या चौकटी अजून खणखणीत. माणसं विचारायची, हौसाक्का, लाकडात असं काय घातलंय? मी म्हणायची, कष्ट घातलेत, तुम्हाला झेपायचे नाहीत.

म्हणून अफरीन मुजावर नावाची पोरगी शिसं तपासायची बंदूक घेऊन दारात उभी राहिली तेव्हा मी घाबरले नव्हते. उलट गंमत बघायच्या तयारीत होते.

नवा नियम आला होता. जुनं घर भाड्यानं द्यायचं तर आधी त्याच्या रंगातलं शिसं तपासून घ्यायचं. पास झालं की दारावर हिरवी खूण. खूण नाही तर भाडेकरूचं नाव दप्तरी चढत नाही, आणि नाव नाही तर वीज नाही, पाणी नाही. आमच्या गल्लीतली दोन घरं अशीच बंद पडली होती. घरमालक रडत बसले होते. मी रडणाऱ्यातली नाही. तपासणी येणार असं कानावर आलं तसा मी पेंटर बोलावला, सगळ्या खोल्यांच्या चौकटी, दारं, खिडक्या पॉलिशपेपरनं घासून घेतल्या, पोपडे खरवडून काढले आणि वर नवाकोरा पिस्ता रंग दिला. माझ्या नवऱ्याचा, ज्ञानू पेंटरचा, जन्म रंगात गेला. रंगाखाली काय काय झाकता येतं ते मला कुणी शिकवायला नको.

शिवाय घरात कार्य होतं. माझी नात प्रांजल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा लागला होता. आईवेगळी पोर, तिला मीच वाढवलेली. तिच्या डोहाळजेवणाला तासगावचे सासरचे लोक येणार, विहीणबाई विजयमाला येणार. त्या बाईला दुसऱ्याच्या घरातली कोळिष्टकं मोजायची फार आवड. तिला बोट ठेवायला जागा मिळू नये एवढंच माझ्या मनात.

"रंग ताजा दिसतोय, आजी," अफरीन दारातच वास घेत म्हणाली.

"मग शिळा लावायचा का? घर आहे हे, धर्मशाळा नव्हे."

"छान आहे रंग."

"छानच असणार. मार तुझी बंदूक आणि लाव हिरवी खूण. चहा ठेवते तोवर."

माझा मुलगा सर्जेराव, प्रांजलचा बाप, मागे उभा होता. द्राक्षांचा बॅटरी टेम्पो चालवतो तो. तो म्हणाला, "आई, ती मशीन आतलं बघते म्हणतात. थरवाचक म्हणतात तिला."

"तुला काय कळतंय ठोंब्या? चौथी दोनदा केलीस तू," मी म्हटलं. परक्या पोरीसमोर म्हटलं. तो गप्प बसला. तो नेहमीच गप्प बसतो.

अफरीननं बंदूक चौकटीला टेकवली. आवाज नाही, उजेड नाही. तिच्या दुसऱ्या हातात पाटीएवढी काच होती, तिच्यावर रंगांचे पट्टे उमटायला लागले. वर पिस्ता. त्याखाली निळा. त्याखाली चॉकलेटी. मग पिवळा.

मी चहाचं आधण तसंच सोडून आले. निळा रंग आम्ही महापूर ओसरल्यावर दिला होता. चॉकलेटी सर्जेरावच्या लग्नात. पिवळा वास्तुशांतीला. ही पोरगी तेव्हा जन्मलीही नसेल, आणि तिच्या हातातली काच माझ्या घराचा सगळा इतिहास उकलून दाखवत होती.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"हिनं," ती बंदुकीकडे बोट करून म्हणाली. "आजी, ही रंगाच्या आरपार किरण सोडते. प्रत्येक थरातला धातू वेगळा चमकतो, ती चमक ही वाचते. वर कितीही हात द्या, खालचं लपत नाही." आणि मग तिचा आवाज बदलला. "हा सगळ्यात खालचा, लाकडाला चिकटलेला थर शेंदरी आहे. काय आहे हा?"

काचेवर तो पट्टा विस्तवासारखा दिसत होता.

"शेंदूर आहे," मी म्हटलं. "आमचे मालक कुठल्याही लाकडाला पहिला हात शेंदराचा द्यायचे. जवसाच्या तेलात मीच घोटून द्यायची, मधासारखा होईपर्यंत. म्हणून तर वाळवी नाही."

"जुना अस्सल शेंदूर म्हणजे शिसंच, आजी. भाजलेलं शिसं."

"जीभ सांभाळ. मारुतीला लागतो तो."

"देवाला लावलेला कुणी चाटत नाही, आजी," आतून प्रांजल म्हणाली. ती दारात येऊन उभी होती, हातात मीठ लावलेली कैरी. एवढा वेळ ती ऐकत होती हे मला कळलंच नाही.

अफरीन चौकटीवर वाकली. "इथं मधले थर अर्धे उडालेत. शेंदरापर्यंत गेलंय कुणीतरी. अलीकडे घासलंय का?"

"घासल्याशिवाय रंग बसतो का?" मी ताठ मानेनं सांगितलं. "गेल्याच आठवड्यात सगळं घर घासून काढलंय. कोपरान् कोपरा."

"पाणी मारून घासलं की कोरडं?"

"कोरडंच घासतात."

"तेव्हा घरात कोण होतं?"

प्रांजल ज्या दिवशी आली, त्याच दिवशी पेंटर तिच्या खोलीच्या खिडकीवर बसला होता. गुलाबी धूळ उडत होती. पोरगी म्हणाली होती, आजी, मी बाहेर बसते. मीच म्हटलं होतं, धुळीनं कुणी मरत नाही, पड तू पलंगावर, दमून आलीयस. ती झोपली. मी तिच्या अंगावर दुलई घातली, आणि ती दुलई त्या दिवशी दिवसभर तिथंच पसरलेली होती.

अफरीननं पांढऱ्या फडक्याचा ओला तुकडा काढला आणि प्रांजलच्या पलंगाखालून फिरवला. फरशी मी रोज झाडते, रोज पुसते. तुकडा जवळजवळ पांढराच निघाला. मी म्हणणार होते, बघ. तिनं तो बंदुकीखाली धरला, आणि इतका वेळ मुकी असलेली ती मशीन ओरडली.

तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

"सुटं शिसं लागलं की ही ओरडते. केराच्या झाडूनं ही धूळ जात नाही, उडते," अफरीन हळू बोलली. "डोळ्यांना दिसत नाही इतकी बारीक असते. ताई, तुम्ही आत्ता या घरातून बाहेर या. कैरी टाकून द्या. हात धुवा. घासून धुवा."

प्रांजलनं कैरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मोरीत जाऊन हात धुवायला लागली. पाण्याचा आवाज येत होता आणि मी खांबासारखी उभी होते. कुणी मला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं, निदान कुणावर तरी ओरडता आलं असतं.

पण अफरीन थांबली नाही. अंगणापलीकडच्या खोलीत आमची भाडेकरू रूथ राहते. दवाखान्यात नर्स आहे. तिचा जोएल नुकता बसायला लागला होता. तेव्हा तो दारातल्या झोळीत झोपला होता. आमच्या खोल्या लहान, वारा काय तो दारातच. म्हणून मी घर बांधताना मालकांच्या मागे लागून प्रत्येक चौकटीच्या वरच्या लाकडात झोळीसाठी लोखंडी आकडा मारून घेतला होता. अख्ख्या मिरजेत असं कुणी भाडेकरूंसाठी केलेलं नाही. ज्या बायका माझ्या घरात बाळंत झाल्या, त्यांची पोरं माझ्या आकड्यावर झोके घेऊन मोठी झाली.

अफरीननं मान वर केली.

मीही वर पाहिलं. इतकी वर्षं मी त्या दारातून जात-येत होते आणि मान वर करून कधी बघितलं नव्हतं. झोळीची दोरी घासून घासून आकड्याभोवती लाकडात वाटीएवढा खळगा पडला होता. खळग्याच्या कडेला सगळे रंग कापलेल्या कांद्यासारखे दिसत होते. तळाशी शेंदरी. रूथनं झोळीला हात लावून झोका दिला, दोरी कुरकुरली, आणि दारातून येणाऱ्या उन्हात एक बारीक भुकटी खाली उतरताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. सरळ जोएलच्या तोंडावर.

"थांब!" मी ओरडले. "रूथ, काढ त्याला! काढ आधी!"

रूथनं दचकून पोराला उचललं. अफरीननं तिला काय ते सांगितलं. रूथ शिकलेली, तिला अर्ध्या शब्दात कळलं. तिनं पोराचं तोंड पदरानं पुसलं, पुन्हा पुसलं, मग पदराकडे पाहून तो पदरच अंगावेगळा धरला.

"आक्का," ती म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं. दोरी काढून पाळणा आणू का म्हणून. तुम्ही काय म्हणालात? सगळ्यांची पोरं यातच वाढली."

"म्हटलं होतं."

"सगळ्यांची?"

मी सर्जेरावकडे बघितलं नाही. पण मला त्याच्याकडेच बघायचं होतं. आम्ही पूर्वी त्याच खोलीत राहायचो. तो त्याच आकड्यावर झोपला होता. त्यानंतर प्रांजलही.

अंगणात खुर्च्या टाकल्या. घरात कुणी जायचं नाही असं अफरीननं सांगितलं, आणि माझ्याच घरात मला पाहुण्यासारखं बाहेर बसवलं. मग ती म्हणाली, "हीच मशीन हाडंही वाचते. नडगीला टेकवायची. दुखत नाही. पण हाडातल्या शिशाचा आकडा ज्याचा त्याला सांगायचा, असा कायदा आहे. तुम्ही म्हणाल तर."

"आधी माझं बघा," सर्जेराव म्हणाला. प्रांजल घाबरली होती, तिला धीर यावा म्हणून. पँट वर करून त्यानं पाय पुढे केला.

ती वाचत असताना मी विचारलं, "हाडात कसं जाईल रंग? हाड काय चौकट आहे?"

"शरीर फसतं, आजी. शिसं आत गेलं की शरीराला ते दुधातल्या कॅल्शियमसारखं वाटतं. मग ते चांगल्या मालासारखं हाडात नेऊन ठेवतं. रक्तातलं काही आठवड्यांत उतरतं. हाडातलं वीस-तीस वर्षं बसून राहतं. लहान पोराचा मेंदू घडत असतो, तिथंही ते घुसतं. मग पोराला अक्षर लागत नाही, लक्ष टिकत नाही. ते पोर आळशी नसतं."

सर्जेराव पायाकडे बघत बसला होता. आकडा ऐकल्यावर त्यानं विचारलं, "हा जास्त आहे का?"

"जास्त आहे, काका."

"म्हणजे चौथी..." तो बोलता बोलता थांबला. मग हसला. त्याचं ते हसू मी पुन्हा कधी बघू नये. "म्हणजे मी ठोंब्या नव्हतो म्हणायचं."

माझी जीभ आजवर कुणापुढे अडखळली नाही. मामलेदारापुढे नाही, वकिलापुढे नाही. त्या क्षणी ती तोंडात आहे का हेसुद्धा मला कळेना.

"कुठून कळतंय की हे माझ्याच दाराचं?" शेवटी मी म्हटलं. अजून भांडायचं होतं मला. "पेट्रोलमध्येही शिसं असायचं. सगळ्या गावानं खाल्लंय."

अफरीननं काच माझ्यापुढे धरली. "तुमच्या घरची चटणी आणि शेजारची चटणी, मिरच्या त्याच असतात, पण चव एक असते का?"

"शेजारची? तिला लसूण भाजायची अक्कल नाही."

"तसंच आहे. शिसं म्हणजे एकच पदार्थ नाही. जड-हलक्या चार जातींचे कण त्यात मिसळलेले असतात, आणि एकेका खाणीचं प्रमाण वेगळं. ते प्रमाण भाजल्यानं, घोटल्यानं, हाडात गेल्यानं बदलत नाही. तुमच्या चौकटीतला शेंदूर आणि काकांच्या नडगीतलं शिसं, दोन्हींची चव एक आहे."

प्रांजलनं पाय पुढे केला. मी म्हटलं, नको. ती म्हणाली, "आजी, गप." आयुष्यात पहिल्यांदा.

तिचा आकडा बापाहून कमी होता. मला जरा हायसं वाटलं, आणि ते अफरीनला दिसलं असावं.

"कमी आहे म्हणून सोडता येत नाही," ती म्हणाली. "बाई गरोदर राहिली की बाळाची हाडं घडवायला आईची हाडं स्वतःतलं काढून देतात. कॅल्शियम सुटतं, त्याच्याबरोबर जपून ठेवलेलं शिसंही सुटतं. लहानपणी जे बसलं ते आत्ता उठतंय. त्यात ताजी धूळ."

"मग काढून टाका ते. औषध द्या."

"पोटात बाळ असताना ओढून काढायचं औषध देत नाहीत, त्यानं उलटं होऊ शकतं. दूध, नाचणी, लोहाच्या गोळ्या. पोट रिकामं ठेवायचं नाही. शरीराला खरं कॅल्शियम भरपूर मिळालं की हाडं कमी उसवतात. आणि या घरापासून लांब राहायचं. इतकंच हातात आहे."

शेवटी मी माझा पाय पुढे केला. शेंदूर घोटणारे हात माझेच. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मालकांनी खल पुढ्यात ठेवला होता. सर्जेराव पोटात असतानाही मी घोटत होते. नखं लाल झालेली असायची, त्याच हातानं भाकरी मोडायची. आकडा आला तेव्हा अफरीननं मशीन बंद करून पुन्हा चालू केली. तिला वाटलं, बिघडली. पुन्हा तोच आला.

"यातलं काही त्याला मी पोटातूनच दिलं का?" मी विचारलं.

तिनं माझं लुगडं पायावर परत ओढलं. तेच उत्तर होतं.

सर्जेराव उठला. "प्रांजल, पिशवी राहू दे. कपडे तासगावात घेऊ. चल, आत्ताच सोडतो."

"पहिलं बाळंतपण सासरी?" माझ्या तोंडून निघून गेलं. "लोक काय म्हणतील? विहीणबाई तर..."

"आई," तो म्हणाला, आवाज चढवला नाही, "तू पण चल. त्यांना काय ते तूच सांग. आम्हाला तुझ्याएवढं बोलता येत नाही."

टेम्पोत बसून आम्ही तासगाव गाठलं.

विहीणबाई ओसरीत बेदाणे निवडत होत्या. आम्हाला बघून उभ्या राहिल्या. "अगंबाई! आम्ही रविवारी ओटी भरायला येणार, आणि तुम्हीच पोरीला परत आणलंत? माहेरचा पाहुणचार इतक्यात संपला?"

एरवी मी तिथंच असं काही बोलले असते की बाईंना रात्रभर आठवत राहिलं असतं. मी ओसरीच्या पायरीवरच बसले आणि सगळं सांगितलं. दार, शेंदूर, झोळी, धूळ, हाडं. मीच घासून घेतलं, मीच तिला तिथं झोपवलं, हेही सांगितलं. विहीणबाईंच्या हातातला बेदाणा हातातच राहिला.

"हे लग्नाआधी माहीत होतं तुम्हाला?"

"लग्नाआधी ही बंदूकच नव्हती."

"म्हणजे आमच्या घरात येणारं बाळ..." त्या थांबल्या. मग अवघडून म्हणाल्या, "माझ्या बहिणीकडे परवाच स्थळ आलं होतं. मुलाकडच्यांनी पत्रिका नाही मागितली. मुलीच्या नडगीचा आकडा मागितला. मी हसले होते त्यांना."

"मग आता काय करायचं, तेही सांगून टाका, आई," प्रांजल उभ्यानंच म्हणाली. "ठेवायचं की परत पाठवायचं? माल खराब निघाला म्हणून?"

"बस खाली," विहीणबाई म्हणाल्या. "उभी राहून बोलू नकोस पोटुशीनं." आणि आत गेल्या. आता आतून दार लावून घेतात की काय, असं मला वाटलं. त्या मोठा पेला भरून दूध घेऊन आल्या, प्रांजलच्या हातात दिला आणि ती पिऊन होईपर्यंत समोर उभ्या राहिल्या.

मला त्या बाईचा इतका राग कधी आला नव्हता. मी नाही देऊ शकले ते दूध.

तपासणीची मशीन सगळ्यांसाठी फिरते आहे, तुमचीही करून घ्या, असं सर्जेराव सहज म्हणाला. विहीणबाईंनी पाय साडीत ओढून घेतला. "मला काय धाड भरलीय?" त्या म्हणाल्या. त्यांच्या स्वयंपाकघराचं दारही जुनंच होतं. मी बघितलं, त्यांनीही बघितलं, आणि दोघीही दुसरीकडे बघायला लागलो.

मिरजेत परत आल्यावर अफरीननं मला दोन रस्ते सांगितले. एक, चौकटींवर जाड लेप चढवायचा, झोळीचे आकडे उपटायचे. थर बंद झाला की नियमाप्रमाणे हिरवी खूण मिळते, आणि पूर्वीच्या भाडेकरूंना कळवायची सक्ती नाही. दुसरा, सगळं लाकूड काढून न्यायला लावायचं. घर तोवर रिकामं.

"तुम्ही ठरवा, आजी."

रूथ जोएलला घेऊन अंगणाच्या टोकाला उभी होती. त्याच्या रक्तातही शिसं निघालं होतं, पण ती म्हणाली, लवकर सापडलं, उतरेल. माझ्याशी ती एवढंच बोलली. त्या खोल्यांत वाढलेल्या पोरी आता कुठं कुठं नांदत असतील. कुणी आज पोटुशी असेल. माझ्या आकड्यावर झोपलेली.

लेप द्यायचा मला मोह झाला नाही असं नाही. चांगला झाला. पण प्रांजलचा "गप" कानात होता.

ओल्या पोत्यांत गुंडाळून माझी दारं ट्रकवर चढली. माणसांनी तोंडाला मुसकी बांधली होती. गल्ली बघायला जमली. "काय हो हौसाक्का, नवा रंग दिलेली दारं?" एका बाईनं हसत विचारलं. "हो," मी म्हटलं, "आणि तुझ्या मुलीला फोन लाव. ती माझ्या तिसऱ्या खोलीत जन्मलीय." त्या बाईचं हसणं जागच्या जागी विरलं. जुन्या भाडेकरूंना असे फोन मी मग रोज करत राहिले. बऱ्याच जणांनी मला शिव्या दिल्या. आजवर मी दिल्या होत्या, आता ऐकल्या. एकीनं नुसतं विचारलं, "आक्का, मग माझं जे पहिलं राहिलं नाही ते..." मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

प्रांजलला सांगलीच्या दवाखान्यात मुलगी झाली. नाळेच्या रक्ताची तपासणी आता सगळ्याच बाळांची होते. डॉक्टरीणबाई काच घेऊन आल्या तेव्हा खोलीत मी, सर्जेराव, विहीणबाई, जावई, सगळे होतो.

"आकडा आईला सांगायचा, किंवा आई सांगेल त्याला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

प्रांजल बाळाच्या टाळूवर गाल टेकवून पडली होती. "मला नको," ती म्हणाली. "मी रोज तिच्याकडे बघताना आकडा बघणार नाही. तिनं एखादं अक्षर उलटं काढलं तर मला ते अक्षरच दिसू दे. आजीला सांगा. एकट्या आजीला. आणि आजी, तू कुणाला सांगायचं नाहीस. मलासुद्धा. मी पाया पडून मागितलं तरी."

"अगं, मला कसं झेपेल?" मी म्हटलं.

"तुला झेपतं सगळं. तूच म्हणतेस."

बाहेर व्हरांड्यात, औषधं घेऊन येणारी ड्रोनं घरघरत उतरत होती. त्या आवाजात डॉक्टरीणबाईंनी मला आकडा सांगितला. मी भिंतीला हात टेकला, आणि दुसऱ्या क्षणी हात काढून घेतला. कुठलीही भिंत आता मला भिंत वाटत नाही.

"याचा अर्थ काय होईल?" मी विचारलं.

"नक्की कुणीच सांगू शकत नाही. काही होईल, कदाचित होणारही नाही. एक करा. तिच्याशी बोलत राहा. सतत, भरपूर, जागी असेल तेव्हा. बोलणं ऐकलं की मेंदू नवी वाट काढतो. यावर दुसरं औषध माझ्याकडे नाही."

तिला आता वर्ष होत आलं. मी आठवड्यातले बरेचसे दिवस तासगावात असते. विहीणबाई मला चहा देतात, मी तो नावं न ठेवता पिते. सर्जेराव येतो, पोरीला टेम्पोत बसवून द्राक्षांचे घड दाखवतो. तो मला आकडा विचारत नाही. जावई एकदा विचारून बसला. विहीणबाई विचारत नाहीत, पण भाकरी थापता थापता माझ्या तोंडाकडे बघतात. प्रांजलनं एकदाच, पोरगी तापानं फणफणली होती तेव्हा, माझा दंड धरला आणि म्हणाली, "सांग." मी सांगितलं नाही. तिनं माझ्या दंडाला नखं रुतवली. मी सांगितलं नाही.

तिच्या वयाची शेजारची पोर "बाबा" म्हणते, "दे" म्हणते. ही अजून काही म्हणत नाही. वेळ आहे, म्हणेल, असं सगळे म्हणतात. मीही म्हणते.

सकाळी तिला मांडीवर घेते आणि सुरू होते. बेदाणे कसे वाळवतात ते सांगते, तिच्या आजीनं आज कालवणात मीठ कसं कमी टाकलं ते सांगते, रस्त्यावरून कोण चाललंय, त्याची बायको त्याला काय म्हणते, ते सांगते. घसा बसतो. पाणी पिते, पुन्हा सुरू होते. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत असते. ओठ हलवते, आवाज फुटत नाही.

मग मी तेच पुन्हा, सावकाश, पहिल्यापासून सांगते.